मोजणी बरोबर होती

रक्ताच्या काचपट्टीवर नाव शाईने लिहायचं नसतं. पेशी दिसाव्यात म्हणून घालतात त्या रंगात स्पिरिट असतं, शाई धुऊन जाते आणि मग कुठलं रक्त कुणाचं ते देवालाही सांगता येत नाही. म्हणून रक्त वाळलं की त्याच्या जाड टोकावर, रक्तातच, आम्ही पेन्सिलीने नाव कोरायचो. मी अडतीस वर्षं तेच केलं. माझ्या टेबलाच्या खालच्या खणात अशा दहा काचपट्ट्या आहेत. दहाही माझ्या धाकट्या बहिणीच्या.

त्यांची हकीकत मी भाचीला तोंडी सांगितली आहे. पण तोंडी सांगताना माणूस स्वतःला थोडं सांभाळून घेतं. म्हणून लिहिते आहे.

धाकटीला घरात सगळे बेबी म्हणायचे. एकाहत्तरी उलटली, केस पिकले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी बेबीच. मी तिच्याहून सहा वर्षांनी मोठी. मी लग्न केलं नाही. "ताईने लॅबशी केलं, आणि नवरा निघाला कडक," असं ती पाहुण्यांना सांगायची. तिचे यजमान गेले तेव्हा ती माझ्याकडे राहायला आली. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक गॅलरी, दोघींची मिळून एक गादी चांगली आणि एक वाईट. वाईट गादीवर कोणी झोपायचं यावरून आमची रोज वादावादी व्हायची. दोघींनाही वाईट हवी असायची.

मी रुग्णालयाच्या लॅबमध्ये रक्त तपासायची. आता आठवलं की त्या खोलीचा वासच आधी येतो. स्पिरिटचा, आणि उन्हात तापलेल्या लाकडाचा. उत्तरेला मोठी खिडकी होती. खिडकीशी ओळीने सहा मायक्रोस्कोप. त्यांना दिवा नव्हता, खाली आरसा होता. तो फिरवून बाहेरचा उजेड आत घ्यावा लागायचा. आभाळ भरून आलं की काम थांबायचं आणि आम्ही चहा प्यायचो. पांढऱ्या पेशी मोजायला जाड काचेची एक पट्टी असे, तिच्यावर बारीक चौकोन आखलेले. चार कोपऱ्यांतले चौकोन मोजायचे, पन्नासने गुणायचं. माझ्या आकड्यावर मोठे सर न बघता सही करायचे. नवीन कुणी आलं की माझ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "हिने मोजलेलं पुन्हा मोजायचं नाही. वेळ फुकट जातो." मी निवृत्त झाले तेव्हा मला शाल नको, त्या सहांतला एक मायक्रोस्कोप द्या, असं मी मागून घेतलं.

फक्त एकदाच माझा आकडा कुणी ऐकला नव्हता. मी नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती आणि आई आजारी पडली. दर सोमवारी मी तिच्या बोटाला टोचून रक्त घ्यायची. निरोगी माणसात पांढऱ्या पेशी चार ते अकरा हजार असतात; तिच्या चौदा हजार, मग वीस, मग एकतीस. वॉर्डातले डॉक्टर म्हणाले, जंतुसंसर्ग आहे, उतरेल, वाट पाहू. मी चोवीस वर्षांची. ते एवढे मोठे. मी सहा आठवडे गप्प बसले. सातव्यात आई गेली. तिला रक्ताचा कर्करोग होता. त्या काळी आधी कळलं असतं तरी काही करता आलं नसतं, असं मला नंतर खूप जणांनी सांगितलं. ते मला कधी पटलं नाही.

हे आधी सांगते, कारण पुढे मी जे केलं ते आकड्यांना घाबरून केलं, आणि आकडे जवळजवळ तेच होते.

बेबीच्या गळ्याला गाठी आल्या. जबड्याखाली दोन्ही बाजूंना, काखेत, मग पोटात. एक गाठ काढून तपासली. लिम्फोमा निघाला. आपल्या अंगात रोगाशी लढणाऱ्या ज्या पांढऱ्या पेशी असतात, त्यांतल्याच एका जातीचा कर्करोग. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, भाचीच्या वयाच्या. त्यांनी एक नवी गोळी सुचवली. रोज एक, घरीच घ्यायची.

त्या दिवशी तपासणीच्या खोलीत आम्ही तिघी होतो. बेबी, तिची मुलगी म्हणजे माझी भाची, आणि मी. मी विचारलं, "काउंट किती आहे?"

"चौदा हजार. पण आजी, या गोळीवर असताना आकड्याकडे फार बघायचं नाही."

"मी अडतीस वर्षं तेच बघितलंय."

"हो का? वा," त्या म्हणाल्या. "आता सगळं मशीनच करतं."

त्यांच्या बोलण्यात काही वावगं नव्हतं. मला मात्र झोंबलं. पाय मोकळे करून येते म्हणाले आणि बाहेर आले. बोळाच्या टोकाला काचेआड लॅब होती. पांढरी कपाटाएवढी दोन यंत्रं गुरगुरत होती. कोपऱ्यात एक मायक्रोस्कोप होता, त्याच्यावर प्लॅस्टिकची टोपी आणि टोपीवर धूळ. मी त्या धुळीकडे बघत बराच वेळ उभी राहिले. नेमकं तेवढ्या वेळात आत डॉक्टरीणबाईंनी गोळी काय करते ते समजावून सांगितलं. मी परत गेले तेव्हा बेबी पर्स आवरत होती.

घरी आल्यावर तिने मला सांगितलं. पलंगावर मांडी घालून बसली, हातात चहाचा कप. ती जन्मभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, ट्रंक बोर्डावर, सतरा नंबरच्या खुर्चीत. दोऱ्या खुपसून परगावची माणसं जोडायची. त्यामुळे कुठलीही गोष्ट सांगताना तिचे हात चालत.

"ऐक. त्या पेशीच्या अंगावर म्हणे खुंट्या असतात. जंतू आला की खुंटीला अडकतो. मग आत निरोप जातो. एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, दुसऱ्याकडून तिसऱ्याकडे, असं करत थेट आतल्या साहेबापर्यंत. साहेब हुकूम सोडतो, जगा, वाढा, एकाच्या दोन व्हा. जंतू मेला की निरोप बंद. मग जादा भरती केलेल्या पेशी आपोआप मरतात. एवढी शिस्त असते."

"मला ठाऊक आहे," मी म्हणाले.

खरं तर मला ठाऊक नव्हतं. मी पेशींना चेहऱ्याने ओळखायची. त्या आपसात काय बोलतात हे आमच्या काळात कुणी विचारत नव्हतं.

"माझ्यात काय झालंय, जंतू नाही, काही नाही, आणि निरोप चालूच. आमच्याकडे अशी एक लाईन होती बघ. बोर्डावर दिवा लागायचा. दोरी खुपसून नंबर प्लीज म्हणावं, तर पलीकडे कोणी नाही. दोरी काढली की परत दिवा. आम्ही तिला भुताची लाईन म्हणायचो. अख्खी ड्युटी त्या एका दिव्यापायी जायची. शेवटी मेकॅनिक यायचा, पाठीमागे हात घालून मधलीच एक तार सोडवून ठेवायचा. ही गोळी म्हणजे तो मेकॅनिक."

"दिसायला तरी बरा होता का?"

"गोळीसारखाच. पांढरा आणि गोल." ती हसली. मग म्हणाली, "आणि हो, डॉक्टरीणबाई म्हणाल्या की सुरुवातीला रक्तातल्या पेशी वाढतील. घाबरायचं नाही."

"औषधाने कर्करोगाच्या पेशी वाढतील?"

"वाढत नाहीत गं, बाहेर पडतात. गाठीत धरून ठेवणारा निरोपही तोच असतो. तो तुटला की पेशी गाठीतून सुटून रक्तात येतात आणि तिथे उपाशी मरतात. एक्स्चेंज बंद पडलं की आम्ही सगळ्या पोरी रस्त्यावर यायचो ना, तसं. रस्त्यावर गर्दी दिसली म्हणून एक्स्चेंज जोरात चाललंय असं होतं का?"

मी मान हलवली. मनात म्हटलं, हिने काहीतरी अर्धवट ऐकलंय. बोर्डावर बसून जन्म गेला, हिला प्रत्येक गोष्ट टेलिफोनच वाटते.

भाची शाळेच्या ग्रंथालयात काम करते. वस्तू जागच्या जागी ठेवायची तिला सवय. ती दर रविवारी यायची आणि सात कप्प्यांच्या निळ्या डबीत आईच्या आठवड्याच्या गोळ्या भरून जायची. मी सोमवार धरला. मायक्रोस्कोप गॅलरीच्या दाराशी ठेवला, आरसा फिरवून उजेड घेतला. बेबीने बोट पुढे केलं.

"हळू टोच. तुझा हात जड आहे."

"कसायाचा हात जड असतो. माझा सरकारी आहे."

पहिली काचपट्टी गोळी सुरू व्हायच्या आदल्या दिवशीची. चौदा हजार. एका आठवड्याने एकोणीस. मग सत्तावीस. मग अडतीस. मी दर वेळी दोनदा मोजत होते. रंगवलेल्या काचेवर त्याच गोल, गच्च, एकसारख्या पेशी दिसत, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं अशा. आठवड्याआठवड्याला त्यांच्यामधली मोकळी जागा कमी होत चालली होती.

आणि गळ्याच्या गाठी मात्र उतरत होत्या. हेही मला लिहायलाच हवं. तिसऱ्या आठवड्यात बेबीने तो निळ्या कॉलरचा ब्लाउज काढला, जो तिला सहा महिने बसत नव्हता, आणि वरचं बटण लावून माझ्यापुढे उभी राहिली. "बघ. नवरीसारखी दिसतेय की नाही?"

मी बघितलं. गाठ दिसत नव्हती. तरी मी म्हणाले, "दिसते ती वरची गाठ. रक्तात काय चाललंय ते तुला कुठे दिसतंय."

चौथ्या सोमवारी बावन्न हजार आले. त्याच आठवड्यात रुग्णालयाची महिन्याची तपासणी होती. भाची रिपोर्ट घेऊन आली. यंत्राचा आकडा होता एकावन्न हजार चारशे. खाली डॉक्टरीणबाईंनी हाताने लिहिलं होतं, "अपेक्षेप्रमाणे. गोळी चालू ठेवावी."

यंत्र आणि मी जवळजवळ एकच बोलत होतो. याचा मला आनंद झाला, हेही खरं आहे. आणि मग ती ओळ मी पुन्हा पुन्हा वाचली. पन्नास वर्षांपूर्वी वॉर्डातल्या डॉक्टरांनीही असंच, शांतपणे, वाट पाहू म्हटलं होतं.

भाची गेल्यावर मी दार लावलं आणि बेबीला म्हणाले, "उद्यापासून ही गोळी घ्यायची नाही."

"अगं, पण त्या म्हणाल्या होत्या वाढेल म्हणून."

"चौदाचे बावन्न? चौपट? याला वाढणं म्हणत नाहीत. आईच्या वेळी मी तोंड उघडलं नाही. आता उघडणार."

बेबीने रिपोर्ट उचलून पुन्हा वाचला. आईचं नाव निघालं की तिचा आवाज खाली यायचा. मग म्हणाली, "फोन करून विचारूया ना त्यांना."

"फोनवर काय कळतं?"

"ताई, फोनवर सगळं कळतं. मी चौतीस वर्षं ऐकलंय."

"त्यांनी लिहून दिलंय ना? तेच सांगणार. स्वतःचं चुकलं असं कुठला डॉक्टर सांगतो?"

तिने हातावरच्या निळ्या डागांकडे बघितलं. गोळीमुळे तिला जरा कुठे धक्का लागला तरी डाग पडायचे आणि त्याने ती वैतागली होती. "बरं," ती म्हणाली. "तू म्हणतेस तर बरं. पण पोरीला आत्ता सांगू नकोस, ती जीव खाईल." तिने सगळं आयुष्य असंच घालवलं होतं. मी म्हणायची आणि ती बरं म्हणायची. शाळेत कुठला विषय घ्यायचा इथपासून.

ती रोज सकाळी डबीतला कप्पा उघडून गोळी बटणांच्या डब्यात टाकू लागली. भाची रविवारी येऊन बघायची, सातही कप्पे रिकामे. खूश व्हायची.

पुढच्या सोमवारी मी मोजलं. तेहतीस हजार. त्याच्या पुढच्या सोमवारी सतरा.

मी कागद तिच्यापुढे धरला. "बघ. म्हटलं होतं ना."

"आहेस बाई तू हुशार," ती म्हणाली, पण हसली नाही. तिला दोन दिवस कणकण होती. अंथरूण घामाने भिजत होतं. मी म्हणाले, हवा बदलतेय.

तीन दिवसांनी ती आरशापुढे उभी होती. तोच निळ्या कॉलरचा ब्लाउज. बटण काजात जात नव्हतं. जबड्याखाली दोन्हीकडे गाठी वर आल्या होत्या, आधीपेक्षा मोठ्या, कातडी ताणून चकाकत होती. काखेत हात घालून तिने चाचपलं. मग आरशातूनच माझ्याकडे बघत ती म्हणाली, "ताई, पोरी परत आत गेल्या वाटतं."

मी म्हणाले, "उद्या डॉक्टरकडे जाऊ."

त्या खोलीत पुन्हा आम्ही तिघी. या वेळी मी बाहेर गेले नाही. डॉक्टरीणबाईंनी गळा चाचपला, पोट चाचपलं, सकाळी काढलेल्या रक्ताचा आकडा पडद्यावर बघितला आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"काउंट सोळा हजारांवर आलाय आणि गाठी वाढल्यात," त्या म्हणाल्या. जणू स्वतःशीच. "गोळी चालू असताना सहसा असं होत नाही. असं होतं ते गोळी मध्येच बंद केली तर. पेशी रक्तातून परत गाठींत शिरतात." त्यांनी बेबीकडे बघितलं. "गोळ्या रोज घेताय ना?"

"मी स्वतः भरते," भाची म्हणाली. "एकही चुकलेली नाही."

"मी त्यांना विचारतेय. आजी, नक्की रोज घेताय?"

त्या वाक्याला माझ्या मते दोन सेकंद लागले असतील. तेवढ्यात मला सगळं कळलं. खुंटी, निरोप, मधली तार, रस्त्यावर आलेल्या पोरी. बेबीने चहा पिता पिता सांगितलेलं एकेक अक्षर बरोबर होतं. बावन्न हजार हा रोग बेघर झाल्याचा आकडा होता आणि सतरा हजार हा तो घरी परतल्याचा. मी तोंड उघडलं असतं तर त्याच दिवशी गोळी पुन्हा सुरू झाली असती.

टेबलाखाली बेबीने माझा हात धरला आणि दाबला.

"हो, रोज घेते," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मग माझ्याकडेही बघितलं. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. अडतीस वर्षांत माझा आकडा कुणी पुन्हा मोजला नव्हता. बेबीने हात धरला म्हणून मी गप्प बसले असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत होते. तसं नव्हतं. तिने हात धरला नसता तरी मी गप्पच बसले असते.

"म्हणजे रोग या गोळीला दाद देत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग आपल्याला सलाईनमधून औषधं द्यावी लागतील. या वयाला ती जड जातात. पण थांबून चालणार नाही." त्यांनी ती गोळी कागदावरून खोडली.

घरी आल्यावर, भाची औषधं आणायला खाली गेली तेव्हा मी म्हणाले, "मी त्यांना फोन करते. सांगते सगळं."

"काय सांगशील?"

"की मी बंद करायला लावली."

"आणि ते पोरीला कळणार." ती आडवी झाली होती, डोळे मिटलेले. "तिला भाऊ नाही, बाप नाही. मी ही अशी. उद्या तिला तू एकटीच राहशील ना? तुझ्याशी ती बोलायचीच नाही मग. आम्ही नोकरीला लागताना शपथ घेतली होती, ताई. कानावर पडलेलं बाहेर बोलायचं नाही. माझी पाळून झाली, आता तू पाळ."

"आणि त्या औषधांनी तुला काही झालं तर?"

"मग तू वाईट गादीवर झोप. मी तक्रार करणार नाही."

सलाईन सुरू व्हायला सहा दिवस होते. सहा दिवस फोन माझ्या पलंगाशेजारच्या फळीवर होता. मी त्याच्यावरची धूळ पुसली. रोज पुसली.

पहिल्या सलाईननंतर गाठी थोड्या उतरल्या. केस गेले. तोंडात फोड आले, पाणी गिळवेना. मी मायक्रोस्कोप गुंडाळून ठेवला होता. बेबीनेच तो बाहेर काढायला लावला. "मोज गं. तू मोजलंस की मला बरं वाटतं." म्हणून आणखी तीन काचपट्ट्या झाल्या. आठवी, नववी, दहावी. दहाव्या काचेत कडेपासून कडेपर्यंत शोधत गेले, एका टोकाने सुरुवात करून नांगर फिरवल्यासारखी, आणि मला नऊ पांढऱ्या पेशी सापडल्या. सलाईनच्या औषधांनी चांगल्या आणि वाईट दोन्ही मारल्या होत्या. चौकोनांच्या पट्टीवरचा हिशोब आला चारशे. माणूस चारशेवर राहत नाही.

"किती?" बेबीने विचारलं.

"चार हजार," मी सांगितलं.

जन्मात मी खोटा सांगितलेला तो एकच आकडा. तिने मान हलवली. तिला खरं वाटलं की नाही ते मला माहीत नाही. चौतीस वर्षं आवाज ऐकण्यात गेलेली बाई ती. संध्याकाळी ताप चढला, रुग्णालयात नेलं, चौथ्या दिवशी दुपारी ती गेली. भाची उजव्या बाजूला होती, मी डाव्या.

दीड महिन्याने भाची आईचे कपडे आवरायला आली. एका साडीच्या ब्लाउजचं बटण तुटलं होतं म्हणून तिने बटणांचा डबा उघडला. मी स्वयंपाकघरात होते. बराच वेळ आवाज आला नाही म्हणून बाहेर आले, तर ती जमिनीवर बसलेली आणि पुढे वर्तमानपत्रावर गोळ्यांची ओळ लावलेली. बटणं एका बाजूला, गोळ्या एका बाजूला.

"एकोणीस," ती म्हणाली. "मावशी, आईने एकोणीस गोळ्या टाकून दिल्या. मी दर रविवारी रिकामी डबी बघून खूश होत होते आणि ती मला फसवत होती." तिचा आवाज अगदी सपाट होता. "तिला जगायचंच नव्हतं. एवढं सगळं आपण केलं, आणि तिला आपल्यासाठी जगायचं नव्हतं. डॉक्टरांनी तोंडावर विचारलं तेव्हाही खोटं बोलली."

मी दाराच्या चौकटीला धरून उभी होते. बेबीची शपथ मला आठवली. गप्प बसले असते तर भाची माझी राहिली असती. हेच तर बेबीला हवं होतं. पण मग ही पोर जन्मभर आईवर रागावून राहिली असती, आणि आई तिथे नव्हती, काही सांगायला.

"तिला जगायचं होतं," मी म्हणाले. "कॉलरचं बटण लागलं तेव्हा नाचली होती ती. गोळ्या मी बंद करायला लावल्या."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले. माझ्या वयात खाली बसणं म्हणजे उठायला दुसऱ्याचा हात लागतो. खणातून पेटी काढली, दहाही काचा तिच्यापुढे ओळीने मांडल्या, गोळ्यांच्या शेजारी, आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगितलं. चौदा, एकोणीस, सत्तावीस, अडतीस, बावन्न. तेहतीस, सतरा. घड्याळाकडे बघितलं तेही सांगितलं. फोनवरची धूळही सांगितली.

तिने मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. शेवटी विचारला. "म्हणजे तू मोजण्यात चुकलीस?"

"नाही," मी म्हणाले. "मोजणी बरोबर होती."

तिने गोळ्या परत डब्यात भरल्या, एकेक करून. मग उठली. मला हात दिला नाही. जिन्यावर तिची पावलं खालपर्यंत ऐकू आली. मी कपाटाचा आधार घेऊन उठले, त्याला बराच वेळ लागला.

ती दोन रविवार आली नाही. तिसऱ्या रविवारी आली. त्याला आता दोन वर्षं होत आली. मला रक्तदाबाची गोळी लागते, सकाळी एक. ती आईची निळी डबी घेऊन टेबलाशी बसते. मी चहा ठेवते, ती घेत नाही. माझ्याशी बोलते ते लाईटबिलाचं, नळाचं, तेवढंच. डबी भरण्याआधी ती सातही झाकणं उघडते आणि आधीच्या आठवड्याचे रिकामे कप्पे बघते. मग गॅलरीतला बटणांचा डबा उघडून त्यात बोटं फिरवते. पलंगाखाली वाकून बघते. कचऱ्याची बादली बघते.

मग परत येऊन बसते आणि एकेका कप्प्यावर बोट ठेवत मोजते. ओठ हलतात तिचे. सातापर्यंत आली की पुन्हा पहिल्यापासून मोजते.